जहाज आलंच नाही तर किती दिवस?

प्रश्न थोडक्यात असा: छोटा बेटांचा देश आहे, खाण्याचं बहुतेक सामान जहाजाने बाहेरून येतं, जमीन तुटपुंजी, वादळं पाचवीला पुजलेली. अशा ठिकाणी शाश्वत शेतीने अन्नसुरक्षा खरंच वाढते का, आणि वाढत असेल तर सुरुवात कुठून करायची? मी मृदाशास्त्र शिकलेला माणूस. नोकरीतली बरीच वर्षं प्रशांत महासागरातल्या बेटांवर माती, पाणी आणि बेणं यांच्या कामात गेली. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

वाढते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कुठे पोचायचं ते आधी नीट ठरवावं लागतं. "आपलं सगळं अन्न आपणच पिकवू" हे बहुतेक लहान बेटांना जमणारं नाही, आणि त्याच्या मागे लागून पैसा आणि वर्षं दोन्ही वाया जातात. मी बेटाची अन्नसुरक्षा दिवसांत मोजतो. उद्यापासून जहाज बंद झालं, तर घरातलं, दुकानातलं आणि जमिनीतलं मिळून लोक किती दिवस पोटभर जेवतील? हा आकडा वीस असेल तर चाळीस कसा होईल, साठ असेल तर नव्वद कसा होईल, एवढाच माझा प्रश्न असतो. शेतीची कुठलीही पद्धत मी याच मापाने तोलतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या म्हणण्यानुसार लहान बेटराष्ट्रांपैकी जवळपास निम्मी राष्ट्रं आपलं ८० टक्क्यांहून अधिक अन्न आयात करतात. त्यांच्यावर संकट यायला वादळच लागतं असं नाही. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. भारतात ती बातमी देशातले भाव आटोक्यात ठेवण्याची होती. मॉरिशससारख्या, भात जवळपास न पिकवणाऱ्या देशाला मात्र रोजच्या ताटाची काळजी लागली. ऑगस्टअखेर त्यांना १४,००० टनांची खास परवानगी मिळाली. दोन सरकारांचे संबंध चांगले होते म्हणून ते निभावलं. उद्या निर्यातदार देशाचंच पीक बुडालं तर परवानगी तरी कशाची मागणार?

गावात गेलो की मी सगळ्यांबरोबर बसून हा दिवसांचा हिशेब मांडतो. २५ किलो तांदळाच्या पोत्यात साधारण ९०,००० कॅलरी असतात. पाच माणसांच्या घराला ते नऊ दिवस पुरतं. तेवढ्याच कॅलरी रताळ्यातून हव्या असतील तर साल आणि किडकं धरून सुमारे १२० किलो रताळी लागतात, कारण रताळ्यात पाणीच जास्त. म्हणजे त्या घराला तीन महिने केवळ रताळ्यावर काढायचे तर बाराशे किलो. हेक्टरी दहा टन उत्पन्न धरलं तर जमीन लागते बारा गुंठे. प्रत्यक्षात ताटात मासे असतात, नारळ असतो, केळी असतात, त्यामुळे जमीन कमी लागते. पण हा आकडा समोर आला की दोन गोष्टी लगेच कळतात. तांदळाची सोय मोडणं किती अवघड आहे हे दिसतं, आणि तीन महिन्यांची तजवीज काही अशक्य नाही हेही दिसतं. बाराशे किलो रताळी साठवून ठेवायचीही गरज नसते. थोडी थोडी पुढेमागे लावली तर ती जमिनीतच राहतात आणि लागतील तशी खणता येतात. कंदपिकांचं खरं मोल इथे आहे.

आता शेतीकडे येतो. सगळी बेटं एका मापाने मोजू नका. ज्वालामुखीतून वर आलेली डोंगराळ बेटं वेगळी आणि प्रवाळाची सपाट, कंकणासारखी बेटं वेगळी. सामोआ, फिजी, वानुआतू यांच्याकडे डोंगर आहेत, खोल माती आहे, ओढे आहेत. किरिबाती, तुवालू, मार्शल बेटं यांच्याकडे समुद्रापासून दोन-तीन मीटर वर आलेली वाळू आणि प्रवाळाचा चुरा आहे. एका ठिकाणचा आराखडा दुसरीकडे चालत नाही.

प्रवाळबेटावर शेतीची सुरुवात पाण्यापासून होते. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. गोड्या पाण्याचं हे भिंग मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे पातळ असतं. समुद्रपातळीच्या वर जेवढी पाण्याची उंची, त्याच्या सुमारे ४० पट गोडं पाणी खाली, असा पुस्तकी नियम आहे. उंचीच काही सेंटिमीटर असते, म्हणून हे भिंग किती नाजूक आहे ते ओळखा. पंप लावून एकाच जागी जोरात उपसलं की खालून खारं पाणी शंकूसारखं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. म्हणून तिथे खोल बोअर मारायची नसते. पाण्याच्या पातळीला आडवे, भोकांचे पाइप पुरायचे आणि वरवरचं पाणी हळूहळू काढायचं.

क्षार मोजायचा हातातला मीटर फार महागडी वस्तू नाही, आणि बेटावर तो खताच्या पोत्याआधी घ्यावा असं माझं मत आहे. मोजताना एक काळजी घ्या. विहिरीतलं पाणी भरती-ओहोटीबरोबर खाली-वर होतं, म्हणून दर वेळी भरतीच्या त्याच टप्प्यावर मोजा आणि वहीत आकड्याशेजारी वेळ लिहा. मी आल्या-आल्या सहा महिने वेळ न लिहिता आकडे गोळा केले होते. त्यातून काहीच निष्पन्न झालं नाही, सगळं पुन्हा करावं लागलं.

या पाण्यावर उभी राहिलेली शेती पाहायची असेल तर किरिबातीतली बाबाई पाहा. बाबाई म्हणजे अळूच्या कुळातला एक महाकाय कंद, पानं माणसाच्या उंचीच्या वर जाणारी. त्यासाठी लोकांनी वाळूत मोठाले खड्डे खणले आहेत, थेट गोड्या पाण्याला भिडेपर्यंत. खड्ड्यात उतरलं की बाहेरचं ऊन एकदम मागे राहतं. पावलाखाली काळा, मऊ चिखल असतो, आणि तो चिखल निसर्गाने दिलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या पाला टाकून बनवलेला आहे. प्रत्येक झाडाभोवती केवड्याच्या पानांचं विणलेलं कडं असतं आणि त्या कड्यात ठरावीक झाडांचा सुकवून चुरलेला पाला भरत राहतात. कोणता पाला, कधी, किती, हे घराघरातलं ज्ञान असतं. काही जण त्यात गंजके डबे पुरतात. पहिल्यांदा ते पाहून मला वाटलं कचरा टाकलाय. नंतर उलगडा झाला. प्रवाळाच्या चुऱ्यामुळे तिथल्या मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ८ च्या वर असतो. अशा चुनखडीच्या मातीत लोह असलं तरी पिकाला मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कुजणाऱ्या पाल्यात गंज असला की पाल्यातल्या आम्लांमुळे थोडं थोडं लोह मुळांना मिळत राहतं. मी प्रयोगशाळेत शिकलो ते या लोकांना आधीपासून ठाऊक होतं.

या खड्ड्यांचा शत्रू म्हणजे उधाण. एकदा लाट आत शिरली की पीक तर जातंच, पण खड्डा पुन्हा गोडा व्हायला कितीतरी पावसाळे जावे लागतात. म्हणून प्रवाळबेटावर सगळी मदार एका प्रकारच्या शेतीवर ठेवू नका. खड्ड्यात बाबाई, वर नीरफणस आणि नारळ, घराजवळ उंच वाफ्यांत भाजी, छपराचं पाणी धरायला टाकी. कुठलं ना कुठलं टिकतं.

रासायनिक खताबद्दल नेहमी विचारणा होते. माझी भूमिका सोवळ्याओवळ्याची नाही. पण प्रवाळाच्या वाळूत युरिया टाकला आणि जोराचा पाऊस झाला, तर त्यातलं नत्र पिण्याच्या पाण्याच्या भिंगात उतरतं. शिवाय खताचं पोतं त्याच जहाजाने येतं ज्याच्यावरचं अवलंबित्व आपल्याला कमी करायचं आहे. म्हणून तिथे सेंद्रिय पदार्थ बेटावरच तयार करण्याला पर्याय नाही. फक्त लोहाच्या कमतरतेसाठी फेरस सल्फेटची पानांवर फवारणी मी बिनदिक्कत सुचवतो. मातीत टाकलं तर ते तिथेच बांधलं जातं, पानांवर चालतं, आणि फार थोडं लागतं.

सेंद्रिय खत करायचं तर नत्र कुठून आणायचं? बहुतेक बेटांवर घरोघरी डुकरं असतात. गोठा पाइपने धुतला की सगळी घाण पाण्यात किंवा खाजणात जाते, विहिरी बिघडतात, प्रवाळावर शेवाळ चढतं. कोरड्या अंथरुणाचा गोठा हा यावरचा फार चांगला उपाय मी वापरलेला आहे. गोठ्याच्या जमिनीला उतार द्यायचा आणि नारळाच्या सोडणांचे तुकडे, लाकडाचा चुरा, वाळका पाला यांचा जाड थर द्यायचा. पाणी अजिबात वापरायचं नाही. डुकरं तुडवत राहतात, मलमूत्र त्यात जिरतं, थर उताराने खाली सरकतो आणि खालच्या कप्प्यात जमा होतो. योग्य जमलं तर वास येत नाही. वास आला की समजायचं, सुकं कमी पडलंय. खालचा माल ढिगात रचला की दोन-तीन दिवसांत तापतो. थर्मामीटर नसेल तर ढिगात लोखंडी गज खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी ओढा. गज हातात धरवत नसेल तर ढीग ५५ अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि रोगजंतू मरत असतात. असे काही दिवस गेले की ढीग उलटायचा, म्हणजे बाहेरचं आत जातं.

ढीग उलटण्याचं आणखी एक कारण म्हणजे नारळावरचा गेंडा भुंगा. याच्या अळ्या कुजक्या ओंडक्यांत आणि शेणखताच्या, कंपोस्टच्या ढिगांत वाढतात. त्याची एक जास्त उपद्रवी जात २००७ मध्ये ग्वाममध्ये सापडली, २०१५ मध्ये सॉलोमन बेटांवर पोचली, आणि जुन्या भुंग्यांना मारणारा विषाणू तिच्यावर नीट चालत नाही. तेव्हा सेंद्रिय शेतीच्या उत्साहात ढीग रचून विसरून गेलात तर शेजाऱ्याच्या नारळांचा घात कराल. अळ्या दिसल्या की वेचून कोंबड्यांना घालायच्या.

डोंगराळ बेटांवर अडचण वेगळी. तिथे माती भरपूर, पाऊस भरपूर आणि उतार तीव्र. निर्यातीला भाव आला की लोक वरवर चढत जंगल तोडतात आणि उभ्या उतारावर लागवड करतात. माती ओढ्यातून खाली जाते आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाळावर बसते. इथे शेती आणि मासेमारी ही दोन वेगळी खाती राहत नाहीत. प्रवाळ गुदमरला की मासे जातात, आणि बेटावरच्या ताटातली बहुतेक प्रथिनं माशांतून येतात. पलाऊमध्ये ओढ्याच्या मुखाशी अळूची पाणथळ शेतं असतात, त्यांना तिथे मेसेई म्हणतात. वरून आलेला गाळ त्यांत अडतो आणि समुद्रात जाणारं पाणी निवळतं. ती शेतं पडीक टाकली की नुकसान दुहेरी होतं.

उतारावर काम करायचं तर समपातळी रेषा आखायला शिकवा. दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड लटकवायचा. जमिनीवर ठेवून दोरी आडव्या काठीला कुठे टेकते ती खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी खूण केली की ती समपातळी. त्या चौकटीने उतारभर चालत खुंट्या ठोकत गेलं की रेषा तयार. शाळकरी मुलं हे अर्ध्या तासात शिकतात. या रेषांवर वाळा किंवा अननस दाट लावायचा. फिजीत उसाच्या उतारांवर १९५० च्या दशकातच वाळ्याच्या ओळी लावल्या होत्या. माती अडून तिथे आपोआप पायऱ्या तयार झाल्या. दोन ओळींच्या मध्ये गिरिपुष्प लावून त्याचा पाला कापून टाकला तर नत्राचीही सोय होते.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे बेणं. अळू, कोनफळ, रताळी, टॅपिओका, केळी, नीरफणस ही बेटांची मुख्य पिकं बियांवर येत नाहीत. कंद, वेल, कांडी, मुनवे यांच्यावर येतात. ते डब्यात भरून ठेवता येत नाही. एक जात गावभर पसरली तर सगळ्या गावात तेच एक झाड उभं असतं.

याची किंमत सामोआने मोजली. १९९० आणि १९९१ मधल्या ओफा आणि वाल या दोन मोठ्या चक्रीवादळांनंतर लोकांनी अळूची प्रचंड लागवड केली, आणि त्यात चवीला आणि निर्यातीला चांगली अशी 'निउए' नावाची एकच जात जास्त होती. १९९३ मध्ये पानांवरचा करपा आला. बटाट्यावरच्या करप्याच्याच वंशातला हा बुरशीसारखा जीव. दमट रात्रीत पानावर पाणचट डाग दिसतो आणि काही दिवसांत पान कोसळतं. बेणं इकडून तिकडे नेलं की रोगही जातो. देशाची सगळ्यात मोठी शेतमालाची निर्यात वर्षभरात जवळपास शून्यावर आली. सावरायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. मायक्रोनेशिया, पलाऊ आणि पुढे आशियातल्या जातींशी संकर करत, शेतकऱ्यांनी स्वतःच्या वावरात निवड करत, चव पसंत पडेपर्यंत ते काम चाललं. ते होऊ शकलं कारण जाती कुठेतरी जपलेल्या होत्या. फिजीत सुवा इथे पॅसिफिक समुदाय या प्रशांत महासागरातल्या देशांच्या संघटनेचं एक केंद्र आहे, तिथे अळूच्या एक हजाराहून अधिक नमुन्यांची रोपं काचेच्या नळ्यांत जिवंत ठेवली आहेत.

हे माहीत असूनही मी एकदा चुकलो. एका गावात आम्ही जास्त उत्पन्नाची रताळ्याची एकच जात सगळ्यांना वाटली. पहिल्या हंगामात उत्पन्न दिसलं आणि लोकांनी जुने वेल टाकून दिले. पुढच्या वर्षी पाऊस थांबेचना. त्या जातीला नुसते वेल आले, खाली कंद धरलेच नाहीत. गावातल्या दोन आजींनी चुलीमागच्या जागेत तीन जुन्या जाती ठेवल्या होत्या. त्यांच्या वेलांवर गाव पुन्हा उभं राहिलं. तेव्हापासून मी नवी जात देताना जुन्या किती आहेत याची आधी यादी करतो आणि कमीत कमी तीन जुन्या ठेवल्याशिवाय नवी देत नाही.

वादळ येणार हे दोन-तीन दिवस आधी कळतं, आणि तेवढ्या वेळात करण्यासारखं पुष्कळ असतं. टॅपिओकाचे शेंडे छाटले तर वाऱ्याने झाड मुळासकट हलत नाही आणि कंद सडत नाही. छाटलेल्या कांड्या सावलीत उभ्या करून ठेवल्या की तेच पुढचं बेणं. रताळ्याचे वेल कापून आडोशाला लावून ठेवायचे. वादळानंतर सगळीकडे एकच ओरड असते, खायला पुढचे काही आठवडे मदत येईल, पण लावायला काय? २०१५ च्या पाम वादळानंतर वानुआतूत आणि २०१६ च्या विन्स्टननंतर फिजीत याच प्रश्नाने लोकांना गाठलं. म्हणून देशाच्या वेगवेगळ्या बेटांवर, एकाच वादळाच्या मार्गात येणार नाहीत अशा ठिकाणी, बेण्याचे मळे ठेवा. हा खर्च थोडा आहे आणि त्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे.

नीरफणसाबद्दल दोन शब्द. हंगामात इतकी फळं येतात की सडून जातात. मार्शल बेटांवर पिकू आलेली फळं सोलून, समुद्राच्या पाण्यात भिजवून, पानांनी मढवलेल्या खड्ड्यात आंबवत ठेवतात. त्याला ब्विरू म्हणतात. वास उग्र असतो, पण महिनोन्‌महिने टिकतं. तरुण पिढीला तो वास नको असेल तर फोडी वाळवून पीठ करा. साठवणीची कुठली ना कुठली रीत हवी, कारण साठवता आलं तरच ती फळं दिवसांच्या हिशेबात धरता येतात.

इथे श्रीलंकेचं उदाहरण सांगितलंच पाहिजे, कारण शाश्वत शेती म्हटलं की लोक तेच तोंडावर मारतात. २०१९ च्या निवडणुकीत गोटाबाया राजपक्षे यांनी दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे जाण्याचं आश्वासन दिलं होतं. एप्रिल-मे २०२१ मध्ये त्यांच्या सरकारने रासायनिक खतांची आणि कीटकनाशकांची आयात एकदम बंद केली. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली, पण तोवर मोठा हंगाम हातचा गेला होता. भाताचं उत्पादन २०२१ मधल्या सुमारे ५१ लाख टनांवरून २०२२ मध्ये ३४ लाख टनांच्या आसपास घसरलं. भातात जवळपास स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आणावा लागला. आकडेमोड साधी होती. हेक्टरी पाच टन भात जमिनीतून ७५ ते १०० किलो नत्र उचलतो. चांगल्या कंपोस्टमध्ये नत्र एक-दीड टक्का, आणि त्यातलंही पहिल्या हंगामात थोडंच पिकाला मिळतं. दर हेक्टरी कित्येक टन कंपोस्ट कुठून येणार होतं? ते तयार झालेलंच नव्हतं. मी स्वतः सेंद्रिय पदार्थांचा कट्टर समर्थक आहे, म्हणूनच मला त्या निर्णयाचं जास्त दुःख झालं. आधी ढीग उभे राहू द्या, मग खताची मात्रा वर्षाला थोडी थोडी कमी करा, आणि शेजारी जुन्या पद्धतीचा एक पट्टा तुलनेला ठेवा.

क्यूबाचं नाव दुसऱ्या टोकाने घेतलं जातं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, खत-डिझेल बंद झालं आणि हवानाच्या मोकळ्या जागांत सेंद्रिय वाफे उभे राहिले. शहराला ताजी भाजी मिळाली, हे मोठं काम होतं. पण देश आजही अन्नाचा मोठा भाग आयातच करतो. भाजीचा प्रश्न आणि पोटाचा प्रश्न वेगवेगळे ठेवून पाहा.

हेच बंदिस्त, मातीविना शेतीला लागू होतं. पालेभाजी, टोमॅटो यांना ठीक. पण वीज डिझेलवर असेल, पोषक द्रावणं आणि सुटे भाग जहाजाने येत असतील, तर जहाज थांबल्याच्या तिसऱ्या आठवड्यात ती शेतीही थांबते. देणगीदारांना ती आवडते कारण फोटो छान येतो.

जमिनीच्या मालकीकडे दुर्लक्ष करून काही होत नाही. फिजीत ८० टक्क्यांहून जास्त जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांकडे आहे, ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने कसतात. पट्ट्याची पाचच वर्षं उरली असतील तर कुठला शेतकरी नीरफणस लावेल किंवा बांध घालेल? झाडांवरचा हक्क पट्ट्यात वेगळा लिहून घेतला तर लोक लावतात. कायद्याच्या माणसाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या.

आणि ताटाचा मान. आयात तांदूळ, मैदा आणि डबाबंद मांस खाणं पुढारलेपणाचं आणि कंद खाणं गरिबीचं, ही समजूत खोलवर गेलेली आहे, आणि तिच्याबरोबर मधुमेहही घरोघरी आला आहे. मायक्रोनेशियातल्या पोनपेई बेटावर कारात नावाची केळ्याची जात आहे, गर नारिंगी, बीटा-कॅरोटिनने भरलेली. बेटावर मुलांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता होती आणि हे केळं बाजारातून मागे पडलं होतं. लोकांना त्याचं मोल दाखवल्यावर ते पुन्हा विक्रीला येऊ लागलं. शाळेच्या जेवणात आठवड्यातले दोन दिवस स्थानिक कंद ठेवले तर शेतकऱ्याला ठरलेलं गिऱ्हाईक मिळतं आणि मुलांच्या जिभेला चव लागते. मला हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामाचं वाटतं.

सुरुवात कुठून, या प्रश्नाचं उत्तर काळाच्या हिशेबात देतो. रताळी तीन-चार महिन्यांत हाती येतात, टॅपिओका आणि कोनफळ आठ-दहा महिन्यांत, बाबाईला काही वर्षं लागतात, मुनव्यापासून लावलेला नीरफणस तीन ते पाच वर्षांत धरतो आणि मग पिढीभर देतो. पहिला महिना पाणी मोजण्यात आणि घरोघरच्या जातींची यादी करण्यात घालवा. पहिल्याच पावसात नीरफणसाचे मुनवे लावून टाका, कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. मधल्या मोकळ्या जागेत तीन-चार जातींची रताळी लावा, दर महिन्याला एक वाफा. चौथ्या महिन्यात पहिला वाफा निघेल, तेव्हा गावात बसून दिवसांचा हिशेब पुन्हा मांडा आणि जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा.